समुद्रकाठची प्रकाशयोजना : कारागीर व व्यापाऱ्यांनी काय जाणून घ्यावे?

कोकणच्या किनाऱ्यावर हॉटेले, विश्रामगृहे, बंगल्यांच्या वसाहती आणि फिरण्याचे रस्ते यांची बांधकामे वाढत आहेत. मुंबईत व आखाती देशांत तर हे काम अनेक दशकांपासून चालू आहे. या कामांवर आपले कितीतरी बांधव वायरमन, वेल्डर, फॅब्रिकेटर, सुतार, रंगारी, काचा व पडदे बसविणारे म्हणून राबतात. काहीजण अशा ठिकाणी दुकानाचे गाळे किंवा खानावळी घेतात. इमारत उभी राहिली की सर्वांत शेवटी येते ते दिव्यांचे काम. तोपर्यंत पैसा संपत आलेला असतो, मालकाला उद्घाटनाची घाई असते, आणि बाजारात मिळतील ते दिवे आणून ठोकले जातात. एक-दोन पावसाळे गेले की निम्मे दिवे बंद, खांबांवर गंजाचे ओघळ आणि शेवटच्या हप्त्यासाठी हेलपाटे घालणारा कारागीर असे चित्र दिसते.

हे टाळता येते. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. प्रकाशयोजना हे आता एक स्वतंत्र शास्त्र व स्वतंत्र धंदा आहे, पण त्यातील मुख्य गोष्टी कोणत्याही हुशार कारागिराला समजण्यासारख्या आहेत. कापडाच्या व्यापाऱ्याला तर त्या थोड्याफार आधीपासूनच माहीत असतात, कारण ज्याचे पोट रंग आणि पोत विकण्यावर चालते त्याला उजेडाची पारख करावीच लागते. या लेखात सांगावयाचे ते थोडक्यात इतकेच की, दिवा विकत घेण्यापूर्वी तो कशावर पडणार, किती पडणार, खाऱ्या हवेत किती टिकणार आणि कोठे पडू नये, या चार गोष्टी ठरवाव्यात. मग दिव्याची किंमत विचारावी.

हा धंदा कसा निर्माण झाला?

पूर्वी इमारतीत दिवे कोठे लावायचे हे वायरमन ठरवीत असे. अमेरिकेत रिचर्ड केली (१९१०-१९७७) या गृहस्थांनी हे काम वास्तुशिल्पकाराच्या बरोबरीने बसून करण्याची पद्धत रूढ केली. न्यूयॉर्कची १९५८ मध्ये पूर्ण झालेली सीग्रॅम बिल्डिंग हे त्यांच्या कामाचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यांनी उजेडाचे तीन प्रकार सांगितले. पहिला, सगळीकडे पसरलेला सौम्य उजेड, ज्यामुळे माणसाला वावरता येते. दुसरा, एखाद्या ठरावीक वस्तूवर टाकलेला उजेड, ज्यामुळे नजर तेथे जाते. तिसरा, नुसत्या झगमगाटाचा, जसा झुंबराचा किंवा पाण्यावर चमकणाऱ्या दिव्यांचा.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिलाच प्रकार असतो आणि तोही गरजेपेक्षा जास्त. सगळे सारखेच उजळले की काहीच उठून दिसत नाही. दुकानातील प्रत्येक थान सारख्याच उजेडात ठेवले तर गिऱ्हाईक नेमके कोठे पाहणार? म्हणूनच शोकेसमध्ये वेगळा दिवा लावतात. हीच गोष्ट इमारतीची आहे.

वॅट पाहू नका, माल पाहा

दिवा घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो किती वॅटचा? वॅट म्हणजे वीज किती खाणार त्याचे माप. तो खर्च झाला. त्या खर्चाच्या बदल्यात मिळणारा माल म्हणजे उजेड, आणि त्याचे माप ल्युमेन. जुना १०० वॅटचा बल्ब सुमारे १,३०० ल्युमेन देत असे. आजचा चांगला एलईडी दिवा तेवढाच उजेड १३ ते १५ वॅटमध्ये देतो. म्हणून खोक्यावर ल्युमेन छापले नसतील तर तो दिवा घेऊ नये. थानावर मीटर न लिहिता नुसती किंमत लिहावी असा तो प्रकार आहे.

तिसरे माप लक्स. ल्युमेन म्हणजे थानातील एकूण कापड मानले, तर ते किती जागेवर अंथरले हे लक्स सांगते. एक हजार ल्युमेन दहा चौरस मीटरवर पसरले तर शंभर लक्स होतात. तेच शंभर चौरस मीटरवर पसरले तर केवळ दहा. दुकानात साधारण पाचशे लक्स लागतात. समुद्राकाठच्या पायवाटेला दहा लक्ससुद्धा पुरतात, कारण पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो आणि तरीही माणसाला वाट दिसते. डोळा अंधाराला सरावतो. त्याला एकदा झगझगीत दिवा दाखविला की मात्र पुढची पायरी दिसेनाशी होते आणि माणूस पडतो. किनाऱ्यावर अपघात होतात ते पुष्कळदा उजेड कमी म्हणून नव्हे, तर तो चुकीच्या ठिकाणी जास्त म्हणून.

रंगाचे दोन हिशेब

उजेडाच्या रंगाबाबत दोन वेगळी मापे आहेत व त्यांची गल्लत होते.

पहिले माप केल्विन. उजेड पिवळसर आहे की निळसर पांढरा, हे त्यावरून कळते. मेणबत्ती सुमारे १,९०० केल्विन, जुना बल्ब २,७००, दुपारचे ऊन सुमारे ५,५०० आणि ढगाळ आकाशाचा उजेड ६,५०० केल्विन. आकडा जसा वाढतो तसा उजेड निळसर होतो. हे लक्षात ठेवावे, कारण बाजारात याच्या उलट समज आहे.

दुसरे माप सीआरआय. त्या उजेडात वस्तूचा खरा रंग किती दिसतो हे ते सांगते. शंभर म्हणजे पूर्ण. जुन्या बल्बचा सीआरआय जवळजवळ शंभर असे. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याचा फक्त वीस ते पंचवीस, म्हणून त्या दिव्याखाली लाल गाडी तपकिरी दिसते. स्वस्त एलईडीचा सत्तरच्या आसपास आणि चांगल्याचा नव्वदच्या वर असतो. आपल्या लाइनमध्ये हे रोज अनुभवास येते. काळा आणि गडद निळा ट्यूबच्या उजेडात सारखेच वाटतात, म्हणून जाणते गिऱ्हाईक साडी घेऊन दारात उन्हाला जाते. वेगवेगळ्या रंगांनी रंगविलेले दोन कपडे दुकानात एकच शेड वाटतात व बाहेर गेल्यावर दोन होतात. यात रंगाऱ्याचा दोष असतोच असे नाही, दिव्याचाही असू शकतो. स्वस्त एलईडीत लाल रंग विशेष फिका पडतो. त्यासाठी आर-नऊ नावाचे आणखी एक माप असते. कापड, मांस, फळे आणि जेवण यांच्या दुकानदारांनी तेही विचारून घ्यावे.

मरीन ड्राइव्हचा धडा

केल्विनचे महत्त्व काय असते हे २०१५ साली साऱ्या मुंबईने पाहिले. मरीन ड्राइव्हची दिव्यांची कमान मलबार हिलवरून रात्री सोन्याच्या हारासारखी दिसते, म्हणून तिला क्वीन्स नेकलेस म्हणतात. हा सोनेरी रंग सोडियम दिव्यांचा होता. त्या वर्षी वीज वाचविण्याच्या मोहिमेत ते काढून पांढरे एलईडी बसविण्यात आले. वीज वाचली, पण हाराचे सोने गेले. नागरिकांनी तक्रारी केल्या, राजकीय पक्षांत वाद झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी पिवळसर छटेचे एलईडी लावण्यात आले.

या प्रकरणात व्यापाऱ्याने पाहण्याची गोष्ट अशी की, बचत एलईडीमुळे होत होती, पांढऱ्या रंगामुळे नव्हे. पिवळसर एलईडीही जवळजवळ तेवढीच वीज वाचवितो. रंगाचा निर्णय आधी झाला असता, थोडे दिवे लावून रात्री मलबार हिलवर उभे राहून पाहिले असते, तर एकाच रस्त्यावर दोनदा काम करावे लागले नसते. दिव्यांचा रंग हा त्या जागेच्या नावलौकिकाचा भाग असतो. मरीन ड्राइव्हच्या काठच्या आर्ट डेको पद्धतीच्या इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. अशा जागेचा रात्रीचा चेहरा ही मौल्यवान वस्तू आहे आणि लहान गावातील समुद्राकाठच्या बाजारालाही आपापला चेहरा असतो.

दुबईची कापडी भिंत

दिव्याचा रंग ठरला तरी अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम तो ज्यावर पडतो त्या पृष्ठभागाचे आहे. कारण उजेड हवेत दिसत नाही, तो कशावर तरी पडला की दिसतो. याचे जगातील एक मोठे उदाहरण दुबईत आहे आणि आखातात नोकरी केलेल्या आपल्या अनेक बांधवांनी ते डोळ्यांनी पाहिलेले आहे.

बुर्ज अल अरब हे हॉटेल डिसेंबर १९९९ मध्ये उघडले. जुमेरा किनाऱ्यापासून २८० मीटर अंतरावर कृत्रिम बेट तयार करून त्यावर ही ३२१ मीटर उंचीची इमारत बांधली आहे. वास्तुशिल्पकार टॉम राइट यांनी तिला गलबताच्या शिडाचा आकार दिला. किनाऱ्याकडे तोंड करून असलेली तिची मोठी पांढरी बाजू दगडाची किंवा काचेची नाही. ती कापडाची आहे. काचेच्या तंतूंचे विणलेले कापड, त्यावर टेफ्लॉनचा लेप, आणि अशा दोन पडद्यांमध्ये हवेची पोकळी. दिवसा हे कापड वाळवंटातील कडक ऊन गाळून आत दुधाळ उजेड सोडते व उष्णता बरीच अडविते. टेफ्लॉनमुळे धूळ व मीठ सहजी चिकटत नाही.

रात्री हेच कापड पडदा बनते. स्कॉटलंडचे प्रकाशयोजनाकार जोनाथन स्पियर्स यांनी त्यावर रंग बदलणाऱ्या दिव्यांचे झोत टाकण्याची योजना केली. भिंत पांढरी असल्याने कोणताही रंग तिच्यावर शुद्ध उमटतो, आणि विणीचा पोत मंद असल्याने ती चकाकत नाही. त्याच जागी काच असती तर उजेड आरपार गेला असता किंवा आरशासारखा परत डोळ्यांत आला असता. पांढरे सुती कापड रंग कसा धरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही युक्ती लगेच कळेल.

याच स्पियर्स यांच्या संस्थेने अबूधाबीच्या शेख झायेद मशिदीचीही प्रकाशयोजना केली. तेथे चंद्राच्या कलेप्रमाणे संगमरवराचा रंग बदलतो. पौर्णिमेला शुभ्र पांढरा आणि चंद्र लहान होत जातो तसा गडद निळा. महिना कोठवर आला हे भिंतीकडे पाहून समजावे अशी ही कल्पना आहे. झगमगाट न करताही प्रकाशातून अर्थ सांगता येतो याचा हा नमुना होय.

आपल्याकडील लहान कामांना हाच नियम लागू पडतो. चुना लावलेली पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा बहुतांश भाग परत देते. गडद जांभ्या चिऱ्याची भिंत त्याच्या निम्माही देत नाही. म्हणून चिऱ्याच्या भिंतीवर पांढऱ्या भिंतीएवढेच दिवे लावून ती उजळत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. पण चिऱ्याला त्याचा खडबडीत पोत असतो. दिवा भिंतीच्या अगदी पायाशी ठेवून उजेड तिरपा वर सोडला तर प्रत्येक खाच-खळगा उठून दिसतो आणि भिंत सुंदर दिसते. कापड तपासणारा माणूस थान तिरपे धरून विणीतला दोष शोधतो, ती हीच गोष्ट. याच कारणाने साध्या गिलाव्याच्या भिंतीला पायाशी दिवा लावू नये. गवंड्याच्या हाताची प्रत्येक चूक रात्री गावाला दिसेल. अशा भिंतीसाठी दिवा दोन-तीन फूट दूर ठेवावा, म्हणजे उजेड सपाट पसरतो.

खारी हवा : खरी परीक्षा

आता कारागिरांच्या नुकसानीचा मुख्य मुद्दा. आमच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्या बांधवाने समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या गच्चीवर कठडे व त्यात बसविलेले दिवे असे काम घेतले. दिव्यांवर आयपी ६५ छापलेले होते, म्हणून तो निश्चिंत होता. पहिल्या पावसाळ्यानंतर स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झाले, काचेच्या आत पाण्याचे थेंब दिसू लागले आणि कठड्यावर तांबूस डाग पडले. हॉटेलवाल्याने शेवटचे बिल रोखले. हुन्नर चांगला असूनही नफा गेला. कोठे बिघडले ते समजून घेऊ.

आयपीच्या दोन अंकांपैकी पहिला धुळीचा व दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. पाण्याच्या बाबतीत पाच म्हणजे पाण्याची धार सोसेल, सहा म्हणजे जोराची धार, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल, आठ म्हणजे कायम पाण्याखाली ठेवण्याजोगा. पण आयपी गंजाबद्दल काहीच सांगत नाही. गोड्या पाण्याची धार सोसणारा दिवा खाऱ्या हवेत सडू शकतो. म्हणून पुढील गोष्टी वेगळ्या पाहाव्यात :

१. स्टेनलेस स्टील दोन प्रकारचे येते, ३०४ आणि ३१६. दिसायला दोन्ही सारखे. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते व तेच मिठाला तोंड देते. समुद्राकाठी ३१६ च घ्यावे आणि बिलावर तसे लिहून घ्यावे. ३१६ लाही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावे लागते, नाहीतर चहासारखे डाग पडतात.

२. दोन वेगळ्या धातूंचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. ॲल्युमिनियमच्या दिव्याला स्टीलचा स्क्रू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते आणि ती ॲल्युमिनियम खाते. मध्ये नायलॉनचा वायसर घालावा. चार पैशांची वस्तू आहे, पण ती नसल्याने दिवा जातो.

३. दिवा रात्री तापतो आणि बंद झाल्यावर थंड होतो. थंड होताना आतील हवा आकसते व बाहेरची दमट हवा वायरच्या वाटेने आत ओढली जाते. काचेत थेंब येतात ते बहुधा यामुळे. वायर आत शिरते तेथील ग्लँड घट्ट आणि वायरच्या जाडीचीच असावी. वायर पेटीत खालच्या बाजूने न्यावी आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथून गळून जाते.

४. एलईडी सहसा एकटा जात नाही, त्याला वीज पुरविणारा ड्रायव्हर आधी जातो. तो दिव्याजवळ उघड्यावर न ठेवता शक्य तेथे कोरड्या व हवेशीर पेटीत ठेवावा, जेथे शिडीवाचून हात पोहोचेल.

५. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी याबाबत तडजोड करू नये. ओल्या पायांनी लोक जेथे वावरतात तेथे आणि पोहण्याच्या तलावात १२ व्होल्टचे दिवे वापरावेत. यात वायरमनच्या आणि लहान मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

अंधारही राखावा लागतो

किनाऱ्यावर येणारा माणूस पैसे देतो ते समुद्रासाठी. पण कितीतरी खानावळींत रात्री काचेपलीकडे समुद्र दिसतच नाही, स्वतःचाच चेहरा दिसतो. कारण साधे आहे. आत उजेड जास्त आणि बाहेर अंधार असला की काच आरसा बनते. छतावरच्या ट्यूब कमी कराव्यात, टेबलावर लहान झाकलेले दिवे ठेवावेत, आणि काचेसमोर उघडा दिवा लावू नये. खर्च कमी होतो आणि समुद्र परत मिळतो. जाणकारांचा नियमच आहे की, उजेड दिसावा पण दिवा दिसू नये.

वर आकाशात किंवा समुद्रावर सोडलेला उजेड म्हणजे गटारात ओतलेले दूध. त्यातून ना वाट दिसते ना इमारत. दिव्याला वरून टोपी असावी आणि झोत जमिनीकडे असावा.

यात मुक्या जिवांचाही हक्क आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास येथे २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण होते. कोकणात ही कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात वाळूत अंडी घालतात. पिल्ले रात्री बाहेर पडतात आणि जिकडे क्षितिज अधिक उजळ दिसते तिकडे धावतात. निसर्गात ती बाजू समुद्राची असते. पण मागे हॉटेलचे पांढरे दिवे असले तर पिल्ले जमिनीकडे वळतात आणि कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या किंवा उन्हाच्या तावडीत सापडून मरतात. उपाय कठीण नाही. दिवे खाली, झाकलेले, वाळूवर न पडणारे आणि अंबर म्हणजे गडद पिवळ्या रंगाचे लावावेत. अंड्यांच्या हंगामात शक्य तेवढे बंद ठेवावेत. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, याची आठवण कंत्राट घेणाऱ्याने मालकाला करून द्यावी.

अंधार राखला की विजेचीही बचत होते. एका उदाहरणाने पाहू. पायवाटेवर १५ वॅटचे ६० दिवे आहेत व ते संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत अकरा तास जळतात. रोजचे ९.९ युनिट झाले. रात्री अकरानंतर तेच दिवे निम्म्यावर आणले तर रोजचे ६.७५ युनिट होतात. वर्षाला साधारण १,१५० युनिट वाचतात. त्यासाठी मंद करता येणारा ड्रायव्हर व वेळेचा स्विच सुरुवातीलाच घ्यावा लागतो. नंतर बदलायचे म्हटले तर सगळे उकरावे लागते.

काम घेताना काय करावे?

पहिले, रात्रीची चाचणी. दोन-चार नमुन्याचे दिवे आणून तात्पुरत्या वायरवर जागच्या जागी लावावेत आणि मालकाला रात्री बोलावून दाखवावेत. दिवसा दुकानात दिवा पसंत करणे म्हणजे घडी न उघडता कापड घेण्यासारखे आहे. मालकाने पसंत केलेला नमुना सही-शिक्क्यासह बाजूला ठेवावा.

दुसरे, लेखी करार. त्यात फक्त ‘एलईडी दिवे, इतके नग’ असे लिहू नये. ल्युमेन, केल्विन, सीआरआय, आयपी, स्टीलचा प्रकार आणि ड्रायव्हरची हमी किती वर्षांची, हे सर्व लिहावे. ही माहिती लिहिलेली असली की कोणी स्वस्तातला दर दाखवून आपला दर पाडू शकत नाही, कारण दोघे वेगळा माल देत आहेत हे कागदावरच दिसते. वर सांगितलेल्या बांधवाच्या करारात स्टीलचा प्रकार लिहिलेला असता तर मालकाने ३१६ चा खर्च आधीच मान्य केला असता किंवा नाकारला तरी असता. दोन्ही बाबतीत बिल अडकले नसते.

तिसरे, एकाच लॉटचा माल. कापडाचे दोन लॉट जसे शेडमध्ये जुळत नाहीत तसेच एलईडीचेही दोन लॉट जुळत नाहीत. एकाच भिंतीवर एक दिवा गुलाबीसर आणि शेजारचा हिरवट दिसतो. सर्व दिवे एकाच लॉटचे आणि शेकडा पाच-दहा जादा घेऊन ठेवावेत.

चौथे, देखभालीचे वेगळे कंत्राट. समुद्राकाठी दिवे दर दोन-तीन महिन्यांनी गोड्या पाण्याने पुसणे, ग्लँड तपासणे, पावसाळ्याआधी अर्थिंग मोजणे ही कामे लागतातच. ती फुकटात करून देण्याचे कबूल करू नये आणि टाळूही नये. वर्षभराच्या ठरावीक रकमेवर हे काम मिळाले तर दोन-तीन तरुणांना कायमची रोजी मिळू शकते. एकदा बसवून निघून जाणाऱ्यापेक्षा देखभाल करणाऱ्यालाच मालक पुढचे काम देतो.

पाचवे, शिक्षण. आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम केलेल्या मुलांनी प्रकाशयोजनेची ही मापे शिकून घ्यावीत. लक्स मोजण्याचे लहान यंत्र फार महाग नसते. ते खिशात असलेला आणि त्याचा आकडा समजावून सांगू शकणारा कारागीर मजूर राहत नाही, सल्लागार होतो. पितळ, काच, लाकूड, वेत यांचे काम करणाऱ्यांनाही येथे जागा आहे. झाकलेल्या, टोपी असलेल्या, पोत असलेल्या दिव्यांची मागणी हॉटेले करतात आणि यंत्रावर काढलेला एकसारखा माल प्रत्येकाला नको असतो.

दुकानदार बांधवांसाठीही एक सूचना. समुद्राकाठच्या बाजारात गाळा घेताना भाडे आणि पागडी विचारतो, तसे बाहेरच्या दिव्यांचा रंग व वेळही विचारावी. बाहेर सगळा पिवळसर मंद उजेड आणि आपल्या दुकानात निळसर पांढरा भडका असेल, तर गिऱ्हाईक दिपून पुढे जाते. दुकानात तीन ते चार हजार केल्विनचा, पण नव्वदच्या वर सीआरआय असलेला उजेड ठेवावा. मग साडी दारात नेऊन दाखविण्याची वेळ रात्री येणार नाही, आणि घरी गेल्यावर रंग वेगळा निघाला म्हणून माल परतही येणार नाही.

दिव्याचा धंदा झपाट्याने वाढत आहे व त्यात स्वस्त मालाचा पूर आला आहे. अशा वेळी जो कारागीर मापात बोलेल, नमुना दाखवील, लिहून देईल आणि दोन पावसाळ्यांनंतरही फोन उचलील, त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही. पुढचा दर देण्यापूर्वी हातातला दिवा उलटा करावा आणि त्यावर काय छापले आहे ते वाचावे. सुरुवात तेथूनच करावी.